छायाचित्राचे प्रदर्शन : हेतू आणि मांडणी

छायाचित्रकार आपली चित्रे प्रदर्शनात का मांडतो, हा प्रश्न वरवर पाहता अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. चित्रकार मांडतो, शिल्पकार मांडतो, तसाच छायाचित्रकारही मांडतो; त्यात विचारण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ही तुलना फार दूरवर टिकत नाही. चित्रकाराचे चित्र एकच असते. ते पाहावयाचे तर त्याच्यापाशी जावे लागते, आणि प्रदर्शन ही त्या भेटीची सोय असते. छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. ते वर्तमानपत्रातून घरी येते, पुस्तकातून येते, आता तर मोबाईलच्या पडद्यावरही येते. जे सर्वत्र सहज पोहोचू शकते, ते एका दालनात ठरावीक दिवस भिंतीवर टांगून लोकांना मुद्दाम तेथे बोलावण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न म्हणूनच छायाचित्राच्या बाबतीत खरा प्रश्न ठरतो.

ह्या प्रश्नाचा विचार करताना ‘का’ आणि ‘कसे’ हे दोन भाग वेगळे पाडण्याकडे आपला कल असतो. हेतूचा शोध छायाचित्रकाराच्या चरित्रात घेतला जातो. मांडणीचा विचार मात्र सुतार आणि दिवेवाले यांच्या कामात जमा करून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, छायाचित्राच्या बाबतीत हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. कारण छायाचित्राला अंगभूत असे आकारमान नाही, ठिकाण नाही आणि शेजारही नाही. एकाच निगेटिव्हपासून तळहाताएवढी प्रत निघते आणि भिंतीएवढीही निघते. ती आज एका चित्राशेजारी लागते, उद्या दुसऱ्या. आन्सेल ॲडम्स ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने आधी पियानोवादनाचा अभ्यास केला होता. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रत हे तिचे वादन, अशी तुलना तो करीत असे. आपल्याकडे पाहावयाचे तर चीज वहीत लिहिलेली असते. परंतु गवई ती कोणत्या वेळी, कोणत्या रागानंतर, किती विस्ताराने आणि कोणापुढे मांडतो ह्यावर तिचे रूप ठरते. ॲडम्सची तुलना एका प्रतीपाशी थांबते. ती एक पाऊल पुढे नेली पाहिजे : प्रत ही एक चीज गाणे असेल, तर प्रदर्शन ही सबंध बैठक होय. बैठक कशी मांडली हे पाहिल्याशिवाय ती कशासाठी मांडली हे कळत नाही. पुढे काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहावयाचे आहे.

१

आरंभीचे उदाहरण छायाचित्रणाच्या जन्मवर्षातीलच आहे. २४ जून १८३९ रोजी पॅरिस येथे इप्पोलित बायार ह्या सरकारी नोकराने आपली तीस छायाचित्रे लोकांपुढे मांडली. निमित्त होते मार्टिनिक बेटावरील भूकंपग्रस्तांच्या मदतीचे. दागेरच्या शोधाची वार्ता जानेवारीतच पसरली होती. परंतु त्याच्या प्रक्रियेचा तपशील फ्रेंच सरकारने १९ ऑगस्टला उघड केला. म्हणजे दागेरची प्रक्रिया जगाला कळण्यापूर्वीच छायाचित्रांचे प्रदर्शन भरून गेले होते. बायारची पद्धत दागेरहून वेगळी होती; तिच्यात प्रतिमा सरळ कागदावर उमटे. त्याचे प्रदर्शन मदतकार्याचे खरे, पण त्यात एक दावाही होता : हे मलाही साधले आहे, आणि ते माझ्या मार्गाने साधले आहे.

तो दावा मानला गेला नाही. मानसन्मान दागेरकडे गेला. १८४० साली बायारने स्वतःचेच एक छायाचित्र काढले. त्यात तो उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसला आहे. चित्राच्या पाठीवर त्याने मजकूर लिहिला, त्याचा आशय असा की, हे बायारचे प्रेत आहे. सरकारने दागेरला भरभरून दिले आणि ह्याच्यासाठी काही करता येत नाही असे सांगितले, तेव्हा ह्याने पाण्यात जीव दिला. छायाचित्राच्या इतिहासातील ही पहिली मोठी बतावणी होय. तिचे महत्त्व तिच्या विनोदापुरते नाही. पाठीवरचा मजकूर काढून घेतला तर त्या चित्रात एक झोपी गेलेला माणूस तेवढा उरतो. बायारचा राग, त्याचा अपमान आणि त्याची तक्रार ह्यांपैकी काहीच केवळ प्रतिमेत नाही. ते प्रतिमा आणि तिच्यासोबतचे शब्द ह्यांच्या मध्ये कोठेतरी आहे. छायाचित्र ‘काय’ दाखवते हे ते स्वतः सांगते. ते ‘कशासाठी’ दाखवते हे त्याला सांगता येत नाही. ते सांगण्याचे काम मांडणीला करावे लागते. प्रदर्शनाची गरज येथून सुरू होते.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनाचा मुख्य प्रेक्षक स्वतः छायाचित्रकारच होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत असत. १८५६ पासून मुंबईतून निघालेल्या ‘इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम’मध्ये चित्रांच्या छापील नकला नसून खऱ्या प्रती चिकटवलेल्या असत. अशा मंडळांत चित्र दाखवणे म्हणजे जाणकारांपुढे आपले कसब तपासून घेणे. छाया नीट उतरली का, काच डागाळली का, कागद पिवळा पडला का, हे त्यांचे प्रश्न. त्यांना आज कोणी बाळबोध म्हणेल; पण कोणत्याही कलेच्या आरंभी अशी एक पंगत असावी लागते, जिच्यात वाढणारे आणि जेवणारे एकच असतात.

ही पंगत मोडून छायाचित्र सर्वसाधारण रसिकांपुढे कलाकृती म्हणून ठेवण्याचा सर्वांत निश्चयी प्रयत्न न्यूयॉर्क येथे झाला. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या घरात आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने, एडवर्ड स्टाइकन ह्या तरुण सहकाऱ्याच्या साहाय्याने, नोव्हेंबर १९०५ मध्ये काही लहान दालने उघडली. पुढे ती ‘२९१’ ह्या आकड्यानेच ओळखली गेली. तोवरच्या मोठ्या प्रदर्शनांत चित्रे जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक रचण्याची रीत होती. येथे ती डोळ्यांच्या पातळीवर, मोजक्या संख्येत, मध्ये मोकळी जागा सोडून लागली. भिंतींना शांत रंगाचे कापड होते. १९०८ साली ह्याच दालनांत रोदँची आणि मातिसची चित्रे मांडली गेली. छायाचित्राच्या शेजारी ती आणण्यात केवळ नव्या कलेचा पुरस्कार नव्हता. छायाचित्र ह्या पंक्तीत बसू शकते का, ह्याची ती परीक्षा होती.

येथे हेतू आणि मांडणी ह्यांची एकवाक्यता पूर्ण आहे. हेतू असा की, हे चित्र यंत्राने टिपलेले दृश्य नसून एका व्यक्तीने घडवलेली कृती आहे असे प्रेक्षकाने मानावे. मांडणी अशी की, प्रेक्षकाला एका वेळी एकाच चित्रासमोर उभे राहावे लागेल. सभोवतीची मोकळी भिंत त्याला सांगते, थांब, ही वस्तू घाईने पाहण्याची नाही. जर्मन समीक्षक वॉल्टर बेन्यामिन याने १९३० नंतरच्या दशकात असे मत मांडले की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे पूजामूल्य ओसरते आणि तिचे प्रदर्शनमूल्य वाढते; छायाचित्रात ही प्रक्रिया स्पष्ट दिसते. हे मत वारंवार आधाराला घेतले जाते. ‘२९१’चा अनुभव मात्र त्याला एक दुरुस्ती सुचवितो. पूजामूल्य आपोआप नाहीसे होत नाही. पुरेशी मोकळी भिंत आणि मंद प्रकाश मिळाला तर ते परत येऊन बसते. प्रदर्शन हे पूजेच्या विरुद्ध टोकाला असते असे नव्हे. प्रदर्शनच गाभारा बांधू शकते.

ह्या गाभाऱ्याची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. तेथे चित्रातील माणूस कोण, तो कोठे राहतो, त्या दिवशी थंडी का होती, हे विचारणे अरसिकपणाचे ठरू लागते. छायाचित्राचा जगाशी असलेला संबंध हा त्याचा सर्वांत मोठा गुण. कलेच्या पंगतीत बसण्यासाठी तोच त्याला अंमळ झाकून घ्यावा लागला.

३

‘२९१’ची दालने सजविण्यास ज्याने हातभार लावला त्याच स्टाइकनने पन्नास वर्षांनी नेमक्या उलट टोकाचे प्रदर्शन उभे केले, ही घटना ह्या विषयाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन उघडले. त्यात ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ चित्रे होती. मांडणी वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ याची होती. काही चित्रे भिंतीएवढी, काही अगदी लहान. काही मधोमध उभी, काही माथ्यावर टांगलेली. प्रेम, जन्म, खेळ, श्रम, दुःख, मृत्यू ह्या क्रमाने प्रेक्षक त्यांतून चालत जाई. सोबत निरनिराळ्या देशांची सुभाषिते आणि धर्मग्रंथांतील वचने होती. पुढे अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याने ते जगभर फिरवले. १९५६ साली ते मुंबईतही आले. एकंदर नव्वद लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले असे सांगितले जाते. १९९४ पासून ते लक्झेंबर्गमधील क्लेर्वो येथील किल्ल्यात कायमचे मांडलेले आहे.

इतक्या छायाचित्रकारांनी आपली चित्रे स्टाइकनच्या हाती का दिली? केवळ प्रसिद्धीसाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या महायुद्धाला दहा वर्षेही झाली नव्हती आणि अणुयुद्धाचे भय सर्वांच्या मनावर होते. आपले एक चित्र मानवजातीच्या एकतेच्या विधानात एक शब्द म्हणून उपयोगी पडावे, ही इच्छा तुच्छ नव्हे. परंतु शब्द देणारा आणि वाक्य रचणारा हे येथे निरनिराळे होते. चित्राचा आकार, त्याची कापणी, त्याचा शेजार आणि त्याच्याजवळचे वचन हे सारे संयोजकाच्या अधिकारात होते. मघाच्या उपमेने बोलावयाचे तर २७३ गवयांकडून एकेक तान मागून घेऊन बैठक एकट्यानेच मांडली.

वाक्य कसे रचले गेले ह्यावर फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माणसे सर्वत्र जन्मतात आणि सर्वत्र मरतात हे खरे, पण मूल कोणत्या परिस्थितीत जन्मते, आईला त्याची काय किंमत द्यावी लागते, हा प्रश्न निसर्गाचा नसून इतिहासाचा आहे, आणि ह्या प्रदर्शनात इतिहास पुसला जाऊन निसर्ग उरतो. हा आक्षेप बहुधा आशयावरील आक्षेप म्हणून वाचला जातो. वस्तुतः तो मांडणीवरचा आक्षेप आहे. त्या ५०३ चित्रांपैकी अनेकांना त्यांच्या मूळ ठिकाणी स्वतःचा इतिहास होता, गाव होते, तारीख होती. एका देशाच्या बाळंतिणीशेजारी दुसऱ्या देशाची बाळंतीण लावली की दोघींतील साम्य तेवढे दिसू लागते आणि अंतर डोळ्यांआड जाते. हे चित्रांनी केले नाही, शेजाराने केले.

ह्याचा पुरावा त्याच प्रदर्शनाच्या प्रवासात मिळतो. १९५६ साली ते टोकियोला गेले तेव्हा योसुके यामाहाता याने बॉम्बहल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीत काढलेली छायाचित्रे त्यात जोडण्यात आली होती. सम्राटाच्या भेटीच्या वेळी त्यांवर पडदा टाकण्यात आला आणि नंतर ती काढून टाकण्यात आली. मृत्यू हा त्या प्रदर्शनाचा एक मान्य विभाग होता. पण हा मृत्यू कोणी, केव्हा आणि कशाने घडवला हे ज्या चित्रांत उघड होते, त्यांना त्या कुटुंबात जागा मिळाली नाही. एखाद्या प्रदर्शनाचा खरा हेतू त्याच्या प्रवेशद्वारावरील निवेदनापेक्षा त्याला न पेलवलेल्या चित्रावरून अधिक नेमका ओळखता येतो.

४

आता उलट दिशेचे एक उदाहरण पाहू. येथे चित्रे तीच, छायाचित्रकार तोच, बदलला तो फक्त मांडण्याचा प्रसंग. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हे कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्यासमवेत दुष्काळी भागात हिंडले. त्यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ ह्या पक्षपत्रात छापली गेली. हलका कागद, साधी छपाई आणि शेजारी वृत्तान्ताचा मजकूर, हीच त्या चित्रांची पहिली मांडणी. तिचा उद्देश एकच होता : हे घडत आहे, ते आत्ता घडत आहे, आणि ते थांबवावयास हवे. चित्राकडे पाहून वाचकाने चित्राची तारीफ करावी अशी तेथे अपेक्षाच नव्हती.

१९९८ साली न्यूयॉर्क येथे राम रहमान यांनी जाना यांच्या छायाचित्रांचे मोठे सिंहावलोकी प्रदर्शन संयोजित केले. पक्षपत्राच्या फायलींत विसरला जाण्याच्या बेतात असलेला एक मोठा छायाचित्रकार त्याने नव्या पिढीपुढे आणला. ह्या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि अशा प्रत्येक सिंहावलोकनात एक बदल अटळपणे घडतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. वर्तमानपत्रातील चित्राखालच्या ओळीत गावाचे नाव आणि आपत्तीचे कारण असते. दालनातील चिठ्ठीवर सामान्यतः छायाचित्रकाराचे नाव, साल आणि प्रतीचा प्रकार असतो. पहिल्या ठिकाणी चित्राचा विषय दुष्काळ. दुसऱ्या ठिकाणी चित्राचा विषय सुनील जाना. उपाशी माणूस दोन्हीकडे निनावीच राहतो; पण पहिल्या मांडणीत तो निदान फिर्यादी असतो, दुसऱ्या मांडणीत तो एका कर्तृत्वाचा पुरावा होतो.

ह्यावरून दुष्काळाची छायाचित्रे दालनात लावूच नयेत असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. तसे केले तर ती फायलींतच जळून जातील, आणि विस्मरण हा काही न्याय नव्हे. प्रश्न लावण्या-न लावण्याचा नाही. दालनात आल्यावर त्या चित्राची फिर्याद त्याच्यासोबत आली की नाही, हा आहे. मूळ अंकाचे पान शेजारी ठेवता येते. गावाचे नाव छायाचित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिता येते. प्रत कोणत्या आकाराची असावी ह्याचा विचार ‘सुंदर दिसेल का’ ह्यापेक्षा ‘कोणाला उत्तर द्यावयाचे आहे’ ह्या प्रश्नाने करता येतो. ह्या साऱ्या साध्या गोष्टी आहेत. परंतु त्या केल्या की नाही ह्यावरून, वेदना दाखवणारे प्रदर्शन त्या वेदनेच्या बाजूने उभे आहे की तिच्या जिवावर, हे ठरते.

५

आतापर्यंतच्या उदाहरणांत मांडणी ही चित्र पूर्ण झाल्यानंतर येणारी गोष्ट होती. ती चित्राइतकीच स्वतःची कृती मानणाऱ्या छायाचित्रकारांत दयानिता सिंग यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. २००८ साली त्यांचे ‘सेंट अ लेटर’ प्रसिद्ध झाले. एका पेटीत सात छोटी पुस्तके, प्रत्येक पुस्तक घडीच्या पंख्यासारखे उलगडणारे. टेबलावर उभे केले की ते एक लहानसे प्रदर्शन होते, आणि ते भरवण्याचा मान पुस्तक विकत घेणाऱ्याला मिळतो. त्यानंतर त्यांनी लाकडी बिजागऱ्यांच्या मोठ्या चौकटी करविल्या. त्यांत कित्येक चित्रे बसतात, काही आत राखीव राहतात, आणि क्रम वारंवार बदलता येतो. अशा प्रत्येक रचनेला त्यांनी ‘म्युझियम’ हे नाव दिले आणि सर्वांना मिळून ‘म्युझियम भवन’. २०१३ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ह्या रचना मांडल्या गेल्या. २०१६ साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे ‘सूटकेस म्युझियम’ आले. शहरातल्या पहिल्या छायाचित्र मंडळाच्या एका सभासदाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत हे घडावे, हा योगायोग सूचक आहे. तेव्हा चित्रे पुस्तकात चिकटवून फिरवली जात. आता पुस्तकेच भिंतीवर चढली आणि सूटकेसमध्ये बसून प्रवासाला निघाली.

सिंग यांच्या ह्या उपक्रमाकडे केवळ कल्पकतेचा नमुना म्हणून पाहणे पुरेसे नाही. वर ज्या दोन अडचणी दिसल्या त्यांना ते एक उत्तर आहे. स्टीग्लिट्झच्या मांडणीत चित्र गाभाऱ्यात स्थिर होते. येथे ते स्थिर होऊच दिले जात नाही. स्टाइकनच्या मांडणीत वाक्य दुसऱ्याने रचले. येथे वाक्य छायाचित्रकारच रचतो, पण ते अंतिम मानत नाही. ह्या उत्तराची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्रम सतत बदलता येतो असे म्हटले की कोणत्याही एका क्रमाची जबाबदारी सैल होते. व्यक्तिगत स्मृती, कागदपत्रांचे गठ्ठे, रिकाम्या खोल्या अशा विषयांना हे सैलपण शोभते. दुष्काळाच्या चित्रांना ते शोभणार नाही. तेथे कोणते चित्र कशानंतर येते हे कोणीतरी ठरवून, त्याखाली आपले नाव घालून, त्याचा जाब देण्यास तयार असले पाहिजे. हेतू बदलला की योग्य मांडणी बदलते, हेच ह्यावरूनही दिसते.

६

वरील विवेचनाचा समारोप करताना मूळ प्रश्नाकडे परतू. छायाचित्रकार प्रदर्शन का भरवतो? बायारप्रमाणे आपला दावा नोंदवण्यासाठी, मुंबईच्या मंडळींप्रमाणे जाणकारांची पसंती मिळवण्यासाठी, स्टीग्लिट्झप्रमाणे कलेची प्रतिष्ठा मिळवण्यासाठी, एखाद्या मोठ्या विधानात सहभागी होण्यासाठी, अथवा साक्ष देण्यासाठी. ही यादी आणखी वाढवता येईल. परंतु ह्या सर्व हेतूंच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे. आपले चित्र सर्वत्र जाईल आणि कोणीही ते कशाहीशेजारी लावील, हे छायाचित्रकाराइतके दुसऱ्या कोणत्याही कलावंताला ठाऊक नसते. निदान एकदा, निदान काही दिवस, त्याचा आकार, त्याचा शेजार आणि त्याखालची ओळ स्वतः ठरवावी, ही त्याची इच्छा असते. प्रदर्शन हा चित्राचा अर्थ काही काळ आपल्या हाती ठेवण्याचा प्रयत्न होय. दाखवणे हा त्याचा बाह्य भाग; उत्तरदायित्व पत्करणे हा त्याचा गाभा.

असे असेल, तर छायाचित्रांच्या प्रदर्शनावर लिहिणाऱ्याने भिंतीवरील चित्रांची एकेक करून वाखाणणी करून थांबणे म्हणजे बैठकीचा वृत्तान्त लिहिताना गायलेल्या चिजांची यादी देण्यासारखे आहे. त्याने निदान तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शेजार कोणी ठरवला? चित्राखालच्या ओळीत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही? आणि ह्या मांडणीत कोणते चित्र बसूच शकले नसते? ह्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर दालनात टांगलेले नसते. परंतु टोकियोतील त्या पडद्याची आठवण ठेवली, तर तो विचारल्यावाचून राहता येणार नाही.